कुंदनची सव्वा मूठ

— नाही गं, गोल नको मांडूस खुर्च्या, मीसुद्धा पहिल्याच दिवशी तेच केलं होतं. आठ खुर्च्या, गोल, मधे मोकळी जागा — आणि लोक आले ते सरळ भिंतीला पाठ लावून खाली बसले, एकूण एक, आणि माझ्या खुर्च्या मधे रिकाम्या, जशी काही भुतांची सभा भरली आहे. मला काय वाटलं होतं सांगू? मला वाटलं होतं, माणसं येतील, समोरासमोर बसतील, एक बोलेल, दुसरा ऐकेल, डोळ्यांत पाणी येईल, गैरसमज गळून पडतील. ब्रॅडफर्डला आम्हाला दोन वर्षं तेच शिकवलं. तेही कापडाचंच गाव, गिरण्या बंद पडलेलं — म्हटलं, शिकायचं तर तिथेच. तिथे एक गुळगुळीत दगड असायचा, ज्याच्या हातात दगड त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. मी तसा एक दगड तिकडून पेटीत घालून आणला, मयुरी, हसू नकोस, विमानाने दगड आणला मी सुरतेत! पहिल्याच भांडणात एका माणसाच्या हातात तो दिला, तर त्याने एकदा दगडाकडे बघितलं, एकदा समोरच्या मेव्हण्याकडे, आणि मला विचारलं, "बेन, मारायचा कुणाला?" — हस आता. मी नव्हते हसले तेव्हा. आणि निघालं काय? फरसाणच्या दुकानावरची ही खोली, खालून दिवसभर तेलाचा वास, समोरच्या गल्लीतून लूमचा खडखडाट, एक पंखा, आणि ते — शालिग्राम अप्पा, बशीतून चहा पिणारे. हे म्हणजे गोडादऱ्याचं समेट केंद्र. ह्याच्यासाठी मी तिकडची नोकरी सोडून आले.

तू अप्पांना अजून कामात पाहिलं नाहीस ना? कालच आलीस तू, आणि ते मंगळवारपासून गावाला. बघशील. तीस वर्षं मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, कामगार आणि मालक ह्यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, हीच त्यांची पदवी. भांडण घेऊन माणूस आला की पहिला प्रश्न — गाव कुठलं? मग तालुका. मग मामा कुठले, मग मामांच्या विहिरीला पाणी आहे का. अर्धा तास! नवरा-बायको एकमेकांची डोकी फोडून आलेत, कपाळाला पट्टी, आणि अप्पा विचारतायत पारोळ्याची बस अजून त्याच फाट्यावर थांबते का. मग चहा. मग परत गप्प. बरं, भांडणाचं काय? भांडणाचं काही नाही. दोन-तीन वेळा असं बोलवायचं, बसवायचं, चहा पाजायचा, आणि मग कधीतरी आपोआप — म्हणजे त्यांच्या मते आपोआप — ते मिटायचं. आणि नोंद? ती वही बघ, उघड, कुठलंही पान उघड. "समेट झाला. चहा झाला." झालं! चौदा वर्षांचं काम, आणि पानोपान समेट झाला, चहा झाला. कुणात झाला, कशावर झाला, कुणाला काय मिळालं, बाईचं मत कुणी विचारलं का — काही नाही. मी म्हटलं, अप्पा, हे काय आहे? तर म्हणाले, "बेटा, मिटलेलं भांडण लिहून कशाला ठेवायचं, परत वाचायला?" घ्या.

म्हणून मी छापील अर्ज केले. म्हणून मी कलमं केली. म्हणून मी नियम केला की झालेलं समेटपत्र रद्द करायचं असेल तर केंद्राच्या दोन कार्यकर्त्यांच्या सह्या हव्यातच — आणि म्हणून आज, मयुरी, मला तुझी सही हवी आहे. अप्पा सोमवारशिवाय येत नाहीत, दुसरं कोणी नाही. हो, माहीत आहे, तुला कॉलेजचे साठ तास भरायचेत, तू काही सह्या करायला आली नव्हतीस. पण वाचल्याशिवाय सही करू नकोस, आणि ऐकल्याशिवाय वाचू नकोस, कारण वाचलंस तर तुला वाटेल मी वेडी आहे. कदाचित आहेच. आणि वेळ फार नाही. आज दुपारी चार वाजता धुडकू आबांच्या घरून दळण गिरणीत जाणार, आणि दळण गेलं की संपलं. मग वर्षभर काही करता येत नाही.

कसलं दळण? — तुम्ही अकोल्याकडचे, तुमच्याकडे नसेल. आम्हा खानदेशी लोकांची कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणजे उद्या. सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यात सोडतात, तू बघशील, सगळी लिंबायत-गोडादरा रस्त्यावर असते. तर तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे — सगळ्या भाऊबंदांचे एकत्र, थोरल्याच्या घरी — ते दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. म्हणजे ज्याची मूठ त्या परातीत पडली तो कुळाचा, ज्याची नाही पडली तो शेजारी. पुरुषाची मूठ, हं. बायकांची नाही, मुलींची नाही. रोट भाजायला मात्र आम्ही. हे असं आहे. ह्या असल्या गोष्टीवरून माणसं आपल्याकडे येतात — पगार बुडाला, नवऱ्याने मारलं, घर काढून घेतलं, ह्यावरून यायच्या ऐवजी! जून महिन्यात ती बाई इथे, बरोब्बर तुझ्या जागी बसली, भागीरथी तिचं नाव, कोसाडच्या आवासमधे राहते, घरी साड्यांना टिकल्या चिकटवते, बोटांना कायम डिंक — आणि मी पेन उघडून विचारलं, तुमची तक्रार काय? तर म्हणाली, "ताई, मना पोऱ्यानी मूठ."

मला वाटलं पोराने कुणाला मूठ मारली. खरंच.

तर गोष्ट अशी. भागीरथीचा पहिला नवरा वारला तेव्हा कुंदन दीड वर्षाचा. मग तिने राघोशी पाट लावला. राघो हा धुडकू आबांचा धाकटा भाऊ, उधन्याला लूमवर होता. राघोला स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याला हवं होतं असंही नाही, त्याने कुंदनलाच पोटाशी धरलं. दरवर्षी कानबाईला तो त्या पोराचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि दोघांचे हात मिळून परातीत मूठ सोडायची — कुणी काही बोललं नाही, कारण राघोसमोर बोलणार कोण. मग गेल्या वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, राघो कामावरच छातीत कळ येऊन गेला. गेल्या वर्षी सुतकाचं म्हणून विषय निघाला नाही. ह्या वर्षी भागीरथीने जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, विचारलं, कुंदनची मूठ घ्याल ना? तर धुडकू आबा म्हणाले, "बघू."

बस्. एवढंच. ही तक्रार! "बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, शिवी दिली नाही, पोराला हाकललं नाही. मी म्हटलं, ताई, ह्या गव्हाच्या मुठीने तुमचं काय होणार आहे? अकरा वर्षांचा मुलगा, त्याला शाळा पाहिजे, छप्पर पाहिजे. घर कोणाच्या नावावर आहे? आणि तिथे मला सापडलं! घर राघोच्या नावावर, आणि धुडकू आबांचं म्हणणं की जुन्या झोपडपट्टीतली जी खोली पाडून हे घर मिळालं ती खोली बापाची, म्हणून दोघा भावांची. हे ते मांडत नव्हते काही, एकदा लग्नात कुठेतरी बोलले होते, इतकंच. पण मी म्हटलं, हे बघा, हा खरा प्रश्न! माझे कान असे टवकारले. मूठ-बीठ सोडा. एक विधवा, एक पोरगा, आणि घरावर जेठाचा डोळा — हे मला येत होतं. ह्यासाठी मी शिकले होते.

अप्पांना मुळीच पटलं नाही. त्यांनी धुडकू आबांना एकदा बोलावलं, गाव, मामा, विहीर सगळं झालं, चहा झाला, मुठीचा शब्द नाही. घराचा तर नाहीच नाही. आबा गेल्यावर मी विचारलं, तुम्ही विचारलं का नाही? म्हणाले, "तो बघू म्हणतोय ना? म्हणजे बघतोय. बघू दे त्याला. परात समोर आली, सगळे भाऊबंद बसले, पोराने हात पुढे केला, की त्याच्याच्याने 'नाही' म्हणवणार नाही. आज विचारलं तर तोंडातून 'नाही' निघेल, आणि एकदा निघालेलं 'नाही' त्याला पाळावं लागेल." म्हणजे काय, मी म्हटलं, देवीवर सोडायचं? नशिबावर सोडायचं? एका बाईचा हक्क पुरुषांच्या दयेवर सोडायचा? मी मोठमोठ्याने बोलले असेन, कारण खालचा फरसाणवाला जिन्यात येऊन बघून गेला. अप्पा म्हणाले, चहा पी. — मला तेव्हा त्या माणसाची इतकी कीव आली! ह्यांना वाटतं हे समेट घडवतात. हे नुसते वाट बघतात.

मग ते मंगळवारी गेले, भावकीत कुणी वारलं म्हणून. जाताना म्हणाले, भागीरथीचं राहू दे, कानबाई होऊन जाऊ दे. आणि मी — बुधवारी बैठक लावली. हो, लावली. ते नसताना. मुद्दाम म्हण हवं तर. बघायचंच होतं मला, जे हे तीन-तीन बैठकांत करतात ते नीट केलं तर किती वेळात होतं. पावणेदोन तास! धुडकू आबा आले, टोपी काढून बसले, मी कायदा सांगितला, वारस कोण, हक्क कुणाचा, पुढे कुठे जावं लागेल. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ठीक, घर तिचंच, आम्हाला नको. इतकं सहज! मला वाटलं, बघा, समोर बसून स्पष्ट बोललं की माणूस ऐकतो. मी लगेच समेटपत्र केलं. चार पानं, सात कलमं. सहावं कलम, घरावर धुडकू आणि त्यांचे वारस कधीही दावा सांगणार नाहीत. आणि सातवं —

ही केंद्राची प्रत, हे वाच. हेच, शेवटचं. मोठ्याने नको, मनात वाच.

"यापुढे दोन्ही कुटुंबे स्वतंत्र राहतील. एकमेकांच्या घरात, व्यवहारात अथवा कार्यात कोणीही भाग मागणार नाही." हे कुठून उतरवलेलं नाही. मी स्वतः लिहिलं, माझ्या अकलेने, विचार करून. मला वाटलं, ह्या बाईला ह्या लोकांपासून मोकळं करावं. एकदाच. उद्या जेठ म्हणायला नको की घर सोडलं तर आता आमच्या कार्यात राब, रोट भाज, भांडी घास. एक घाव दोन तुकडे. किती बरं वाटलं मला ते वाक्य लिहिताना, तुला सांगू! आणि मी वाचून दाखवलं की, नाही कशी, वाचलं. भरभर वाचलं. ती मधे दोनदा म्हणाली, "ताई, आनी मूठनं काय?" मी म्हटलं, आधी घर. तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी — तेव्हा मी म्हटलं, ते बघू. आणि शाईचं पॅड पुढे केलं. तिने अंगठा नाही केला, सही केली, तिला सही येते, कुंदनने शिकवलीय. वेळ लागला तिला. मी घड्याळ बघत होते.

काय? — नाही, रडत नाहीये, खाली मिरच्या तळतायत. लाव ती खिडकी.

तर काल. काल शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे गहू मोजायचे होते. भागीरथी म्हणाली, ताई तूच ये, तुझ्यामुळे घर राहिलं. मी गेले. का गेले, तर फोटो काढायला! केंद्राच्या अहवालात टाकायला, "एक यशोगाथा" म्हणून. बाई, मुलगा, मागे घरावरचा हक्क सोडलेला जेठ हात जोडून — असा मनात फोटो तयारच होता. धुडकू आबांचं घर, खालची खोली, सतरंजी, सगळे भाऊबंद ओळीने, मधे पितळी परात. त्यांच्यात ज्याची मूठ त्यानेच सोडायची, तान्ह्याची बापाने. आबा एकेक नाव घेतात, तो उठतो, पोत्यातून मूठ भरतो, परातीत सोडतो, वर पाव मूठ. नाव, मूठ. नाव, मूठ. मी मागे दाराशी उभी, फोन हातात, आणि मनात म्हणतेय, काय हा पोरखेळ, मोठमोठे मिशाळ पुरुष दाणे मोजतायत. कुंदन हात धुऊन बसला होता, ओला हात असा वर धरून, कुठे लागू नये म्हणून. राघोच्या ओळीत. एकटाच होता त्या ओळीत. आबांनी आपल्या धाकट्या नातवाचं नाव घेतलं, आणि मग थांबले. कुंदनला वाटलं आता आपण, म्हणून तो आपला आपणच उठला, पोत्यात हात घातला, मूठ भरली — आणि सगळ्यांनी आबांकडे बघितलं, बायकांनी आतून दारात गर्दी केली — आणि शपथ सांगते, मयुरी, मला त्यांचा चेहरा दिसत होता, तो माणूस हो म्हणणार होता. अगदी ओठांवर होतं. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दाराशी. आणि म्हणाले, "थांब रे बेटा," आणि उठून देव्हाऱ्याकडे गेले, आणि कानबाईच्या चौरंगाखालून काढला — माझा कागद. लॅमिनेट केलेला! चारही पानं, वेगवेगळी, लॅमिनेट करून देवीच्या चौरंगाखाली ठेवलेली! दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बेन, कागदमा लिखेल शे. कार्यात भाग मागायचा नही. तुम्हीच लिखी दिधं ना?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी टोमण्याला उत्तर देऊ शकते. तो माणूस खरंच विचारत होता. मी परवानगी देते का, असं विचारत होता! तीस माणसं माझ्याकडे बघतायत. कुणीतरी मागून म्हणालं, "मग काय, शिकेल बाईनी लिखेल शे, सरकारी राही." आणि कुंदन तिथे पोत्यापाशी उभा, मूठ भरलेली, तशीच. त्याने मराठीत नाही, अहिराणीत नाही, शाळेतल्या गुजरातीत मला विचारलं, "बेन, कागळमां मारुं नाम छे?" कागदात माझं नाव आहे का. मला वाटलं आहेच, कसं नसेल. मी तिथेच उभ्या उभ्या चार पानं चाळली. भागीरथीचं नाव अकरा वेळा. धुडकूचं नऊ. राघोचं, त्याच्या बापाचं, घराचा नंबर, मजला, सगळं. त्या पोराचं नाव एकदाही नाही. एकदाही. मी म्हटलं, नाही. त्याने मूठ पोत्यात परत सोडली, हळूच, दाणे बाहेर सांडू न देता, आणि आत आईजवळ जाऊन बसला.

मग मी भानावर आले, म्हटलं, आबा, चूक झाली, सातवं कलम मी खोडते, आत्ता, इथल्या इथे. तर ते म्हणाले, "आशे कशे चाली? अर्धा कागद मानाना आनी अर्धा नही? घर भी कागदमाच शे." खोडायचा तर सगळा खोडा. आणि त्यात खोटं काय आहे सांग मला! मीच तर शिकवलं बुधवारी, लिहिलेलं पाळायचं असतं. भागीरथी आतून आली, पदर सावरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "खोडी टाक, ताई. घर गयं ते गयं. पोऱ्या एकला नको पडाले." आणि मी — मी काय केलं असेल? ऐक. मी नाही म्हटलं. त्या बाईला. तिच्याच कागदाबद्दल. मी म्हटलं, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, घर म्हणजे घर आहे, मूठ म्हणजे काय आहे! तीस लोकांसमोर म्हटलं. आणि निघून आले. फोटो काढला नाही. तेवढी तरी लाज होती.

रिक्षातून अप्पांना फोन केला. म्हटलं ओरडा एकदाचं. सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "कागद कुणाचा, बेटा? तुझा का त्यांचा?" आणि मग म्हणाले इथे पाऊस बरा आहे, आणि ठेवला. असा राग आला ना! असला माणूस. एकदा सरळ बोलेल तर शपथ.

घरी गेले तर आमच्याकडेही परात मांडलेली. आमचे काका, चुलतभाऊ, सगळे. माझा धाकटा भाऊ कॅनडाला आहे, चार वर्षांत एकदाही आलेला नाही, तिकडे काय खातो काय पितो ते कानबाईलाच ठाऊक, पण त्याची मूठ पप्पांनी सोडली, नाव घेऊन, मोठ्याने. मी ब्रॅडफर्डला होते दोन वर्षं. माझं नाव कुणी — नाही, आमच्यात मुलींचं नसतंच, सांगितलं ना तुला, त्यात वाईट वाटायचं काही नाही, मला कधी वाटलंही नाही. लहान असताना एकदा मी मागल्या दाराने जाऊन परातीत मूठ टाकली होती, सात-आठ वर्षांची असेन, तर आजोबांनी सगळे गहू पोत्यात परत ओतून पहिल्यापासून मोजले. हसले सगळे. मीही हसले. काही विशेष नाही. तेव्हापासून मला ह्या प्रकाराची चीड आहे, एवढंच, तात्त्विक चीड. मूर्खपणा आहे हा. ह्या असल्या मुठीसाठी कुणी झुरू नये असंच मला — म्हणजे त्या पोराने झुरू नये असं मला — जाऊ दे. हे लिहू नकोस. तू लिहितेस काय? पेन ठेव खाली.

मम्मी म्हणाली, जेव. मी जेवले नाही.

आज सकाळी, दूध तापत होतं गॅसवर आणि मी नुसती उभी होते समोर, तेव्हा ठरवलं. रद्द. सगळा कागद, चारही पानं, सहावं कलमसुद्धा. दुसरा कागद करायचा नाही, "घर वगळून" नाही, "अटींसह" नाही, काही नाही. आधी कोसाडला गेले, भागीरथीला परत विचारलं, एकदाच विचारलं, आणि ह्या वेळी पूर्ण ऐकलं. तिने ही सही केलीय, बघ, पुन्हा तितकाच वेळ लागला. उद्या धुडकू आबा फिरले, त्यांची मुलं फिरली, घरावर आले, तर माझ्याकडे तिच्यासाठी कागदाचा एक तुकडा नसेल, हे मला कळतं, मयुरी, तू सांगायची गरज नाही. तेच विचारत होतीस ना? चेहऱ्यावर लिहिलंय तुझ्या. आणि आबा मूठ घेतीलच असंही नाही. काल ओठांवर होतं ते आज असेलच कशावरून? नसेल. मीच उडवलं ते. आणि हेही ऐकून ठेव, मला हे पटलेलं नाही. ती मूठ, ते रोट, ते पुरुषांचे दाणे, मला सगळं आजही तितकंच हास्यास्पद वाटतं, आणि अप्पांची ती वही तर त्याहून. पण कागद माझा नाही. मी तो त्यांना परत देणार, चौरंगाखालच्या प्रतीचं लॅमिनेशन फाडून, सगळ्यांसमोर, आणि चूक कुणाची ते नाव घेऊन सांगणार, आणि मग दाराशीही थांबणार नाही, कारण मी दिसले की तो माणूस माझ्याकडे बघतो.

साडेबारा झाले. इथे, ह्या रेघेवर, दुसरा कार्यकर्ता. करायची तर कर. नाही? नको करूस. नियम मीच केला होता, मीच मोडते. हो बाजूला, मला जाऊ दे.